केंदूरच्या अंगणातले वर्कशॉप

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी असा कारखान्यांचा आणि ट्रकांचा गोंगाट शिक्रापूरपर्यंत पाठ सोडत नाही. शिक्रापूरला डावीकडे पाबळच्या दिशेने वळलो आणि कानांना आराम पडला. दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी, बाभळी, उन्हात तापलेली मोकळी राने. शिरूर तालुक्याचा हा भाग पावसाची वाट पाहत जगणारा. केंदूर याच पट्ट्यातले गाव. वारकऱ्यांना ते संत कान्होराज पाठकांचे गाव म्हणून ठाऊक आहे, आम्हाला ते खालांचे गाव म्हणून.

मे महिन्याच्या सुटीत खालांनी मुद्दाम बोलावून घेतले होते. नातू अकरावीनंतर कॉलेज सोडून आयटीआयला जायचे म्हणत होता. "तुम्ही शिक्षक माणसे. तुमचे ऐकेल. चार शब्द सांगा त्याला," खालांनी फोनवर सांगितले होते. आम्हीही रस्ताभर ते चार शब्द जुळवत गेलो.

अंगणात भाईंची जुनी जीप उभी होती. कांदा बाजारात न्यायचा तर तीच, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे तरी तीच. तिच्या पुढच्या डाव्या चाकातून घुंई-घुंई आवाज येत होता. वेग वाढला की आवाज वाढायचा आणि उजवीकडच्या वळणावर जास्त व्हायचा. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून. एका गॅरेजने चार दिवसांनी या म्हणून सांगितले होते आणि इकडे कांदा भरून ठेवलेला. मुलगा म्हणाला, "अब्बू, बेअरिंग गेले आहे. सामान आणून दिले तर मी घरीच बदलतो." भाई आमच्याकडे बघून हसले. त्या हसण्यात विश्वास कमी होता.

त्याने चाक जॅकवर उचलले. वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून हलवले, तेव्हा ते खडखडले. आम्हालाही हात लावायला सांगितला. चाक फिरवताना आत वाळू दळल्यासारखे जाणवत होते. गेल्या पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून जीप बरेचदा गेली होती. सील झिजलेले असले की पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन नेते आणि पोलादाला गंज धरतो.

जॅकवर उचललेल्या गाडीला आधार म्हणून आम्ही तत्परतेने दोन विटा उचलून आणल्या. मुलाने त्या बाजूला ठेवल्या. "वीट आधी सांगून फुटत नाही," तो म्हणाला. त्याने बाभळीचा रुंद ओंडका चॅसीखाली आडवा सरकवला, सुटे चाकही खाली आडवे टाकले, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. मग गाडीला जोराने धक्का देऊन पाहिला. गाडी हलली नाही, तेव्हाच कामाला हात घातला.

जीपच्या पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंग असतात, एक आत आणि एक बाहेर. दोन्हींतले रोळ एका टोकाला निमुळते असतात, त्यामुळे ते वरचा भारही पेलतात आणि वळणावरचा बाजूचा रेटाही. अशा निमुळत्या बेअरिंगचे पेटंट 1898 मध्ये अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी घेतले. ते घोडागाड्या बनवणारे कारागीर होते. बेअरिंगच्या धंद्यातले दुसरे मोठे नाव स्वेन विंगक्विस्ट यांचे. ते स्वीडनमधल्या एका कापडगिरणीत यंत्रांची देखभाल करत. बेअरिंग सारखी खराब होतात म्हणून त्यांनी नवीच रचना शोधली आणि 1907 मध्ये एसकेएफ कंपनी सुरू झाली. दोघेही हाताने काम करणारे. वर्गात शास्त्रज्ञांची नावे सांगताना ही दोन नावे आमच्या तोंडून कधी निघाली नव्हती.

हबच्या मोठ्या नटाला लागणारा खास पाना घरी नव्हता. मुलाने जाड पाइपचा तुकडा घेतला, त्याचे तोंड चुलीत लाल केले आणि एका जुन्या सुट्या नटावर ठोकून नटाच्या कोनांचा आकार दिला. पाइपच्या दुसऱ्या टोकाला आरपार भोक पाडून त्यात गज घातला. पाना तयार झाला. नट निघाला, बाहेरचे बेअरिंग हातात आले, हब ओढून काढला. मागचे सील उचकटल्यावर आतले बेअरिंग दिसले. रोळांवर गंजाचे डाग होते आणि त्यांच्या घासण्याने बाहेरची कडी, म्हणजे कप, खरवडली होती.

हे कप हबमध्ये घट्ट बसलेले असतात. गॅरेजमध्ये ते प्रेसने काढतात. इथे हबच्या आतल्या खाचेतून मऊ लोखंडाचा गज कपाच्या कडेला टेकवायचा आणि ठोकायचे. एक ठोका या बाजूला, दुसरा बरोबर समोर. एकाच बाजूने ठोकले तर कप तिरका होऊन अडकतो. हे पाहून आम्हाला वाटले, एवढे तर आपल्यालाही जमेल. हातोडा घेतला आणि घाईत गज न लावता थेट कपावरच घाव घातला. टणकन आवाज झाला, कपची उडाली आणि डोळ्याखाली गालावर चटका बसला. बेअरिंगचे पोलाद कडक केलेले असते. त्यावर पोलादी हातोडा बसला तर काचेसारखी कपची उडते. बोटभर वर लागली असती तर डोळा गेला असता. अल्हमदुलिल्लाह, ओरखड्यावर निभावले. मुलगा एक शब्द बोलला नाही. स्वतःच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून त्याने आमच्या डोळ्यांवर चढवला आणि शेजारून दुसरा मिळेपर्यंत काम थांबवले.

बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर घेऊन भाई शिक्रापूरहून त्याच नंबरची बेअरिंग घेऊन आले. "नवे बेअरिंग जुन्या कपात बसवायचे नाही, जोडी बदलत नसते," मुलाने बजावले होते. नवे कप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रिजरमध्ये ठेवले, खालांच्या मटणाच्या डब्याशेजारी. सकाळी धुतलेला हब उन्हात तापायला ठेवला. थंडीने कप केसभर आकसतो, उन्हाने हब केसभर फुगतो आणि तेवढा केसच कामाचा. आठवीला उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आहे. हातांना ते त्या दिवशी कळले.

नवा कप दाबायला त्याने जुनाच कप वापरला. त्याची बाहेरची कड ग्राइंडरवर थोडी उतरवली, म्हणजे तो आत अडकणार नाही. दोन जाड पट्ट्या, मधून आट्यांची लांब सळई, दोन्हीकडे नट. नट आवळत गेले की कप सरळ आत सरकतो. हाच घरचा प्रेस. शेवटचे ठोके देण्यासाठी मऊ धातू हवा होता. मुलाची नजर खालांच्या पितळी खलबत्त्यावर गेली. खालांनी बत्ता दिला, पण बजावून, "साबणाने धुवून दे, नाहीतर उद्याच्या सालनला ग्रीसचा वास येईल." ठोक्यांचा आवाज आधी बद्द होता, मग एकदम खणखणीत झाला. "बसला," मुलगा म्हणाला.

ग्रीस भरायचे काम आमच्या मुलीने केले. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायची, रोळांच्या मधून ग्रीस दुसरीकडे बाहेर येईपर्यंत. शेवटी चाक फिरवत फिरवत नट आवळला, मग सैल केला, मग हलक्या हाताने इतकाच आवळला की चाक मोकळे फिरावे पण हलू नये. नटाचे लॉक आणि सील मात्र नवेच. पाना, प्रेस, ठोकणी घरची चालली. पण गाडीचा आधार, डोळ्यांवरचा चष्मा, बेअरिंगचा नंबर आणि नटाचे लॉक यांत त्याने काटकसर केली नाही. पर्यायी साधन कुठे चालते आणि कुठे नाही हे ज्याला कळते तोच कारागीर, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो.

तपासणीसाठी जीप पाबळपर्यंत नेली. आवाज गेला होता. तिथे उतरून त्याने हबला हात लावून पाहिला. कोमट होता. फार तापला तर नट जास्त आवळला असे समजायचे. पाबळ ही बाजीरावांनी मस्तानीला इनाम दिलेली जागा. 1740 मध्ये ती गेली, तिची मजार इथेच आहे. आम्ही फातिहा पढलो. याच पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून ते खेड्यात आले, ते मुलांनी हाताने काम करत शिकावे म्हणून. जुन्या जीपचे भाग वापरून तिथे 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. मुलगा शाळेत असताना तिथे एकदा जाऊन आला होता. लोखंडाशी त्याची दोस्ती तेव्हापासूनची.

परतताना आम्हाला हजरत दाऊद (अ.स.) आठवले. पैगंबर आणि बादशाह असूनही ते हातांच्या कमाईवर जगत. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले होते, ते कवचे विणत. हे आम्ही जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि घरी आल्यावर मुलाचे हात काळे दिसले की नाक मुरडतो.

संध्याकाळी अस्रनंतर ओसरीवर चहा झाला. खालांनी विचारले, "काय सांगितलेत मग त्याला?" आम्ही गालावरचा ओरखडा चाचपला आणि म्हणालो, "खाला, फॉर्म कधी भरायचा आहे, तेवढे विचारले." त्या क्षणभर गप्प राहिल्या. भाईंनी कप खाली ठेवला आणि आत जाऊन दाखल्यांची पिशवी आणली.

मुलगा अंगणात होता. निघालेले जुने कप पुसून, तारेत ओवून, तो भिंतीच्या खिळ्याला टांगत होता. पुढच्या वेळी दाबायला लागतील म्हणून.