घुमटाचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवायचे म्हटले म्हणजे भांडीकुंडी, गाद्या, पुस्तकांची खोकी आणि देव एवढ्यांची व्यवस्था लावावी लागते. आमच्या बिऱ्हाडात आणखी एक वस्तू होती, आणि ती कुठल्या सदरात घालायची हे सामान हलवणाऱ्या माणसाला काही केल्या उमगेना. शेवटी त्याने यादीत लिहिले, ‘इतर – १ नग.’ तो एक नग म्हणजे दहा फूट व्यासाचा, फायबरचा, पांढरा घुमट. पुण्यात आमच्या गच्चीवर तो अठरा वर्षे उभा होता आणि त्याच्या पोटात माझी आठ इंची आरशाची दुर्बीण राहत होती.

दुर्बिणीला घर कशाला हवे, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. वारा, दव आणि शेजारच्या गॅलरीतला दिवा या तिन्हींपासून तिला आडोसा लागतो. पण आडोसा केला की आकाश झाकले जाते. म्हणून छप्पर गोल करायचे, त्याला माथ्यापासून कडेपर्यंत एक फट ठेवायची आणि सगळे छप्परच चाकांवर बसवायचे. ज्या तारकेची भेट घ्यायची तिच्याकडे फट वळवली की झाले. आपल्या वाट्याला येणारे आकाश एका वेळी एवढेच, हातभर रुंद. त्याची सवय झाली म्हणजे ते पुरते.

पण पुण्यात तेही पुरेना. आधी आकाशगंगा गेली. मग दक्षिणेला एक उंच इमारत उठली आणि तिच्यामागे अगस्ती गेला. राहता राहिले चंद्र, गुरू आणि शनी; त्यांना शहराचे दिवे काही करू शकत नाहीत. निवृत्त झालो तेव्हा टेंभुर्णीला परतायचे ठरले. सौ.ने फक्त एवढेच विचारले, “तेही येणार का?” बोट वर गच्चीकडे होते. मी म्हटले, “त्याच्यासाठीच तर जायचे.” हे उत्तर अर्धे खरे होते, आणि उरलेले अर्धे तिला ठाऊक होते.

घुमटाच्या आठ पाकळ्या. प्रत्येकीवर लाल रंगाने आकडा घातला, म्हणजे पुन्हा जुळवताना घोळ नको. बोल्ट गंजले होते. त्यांना दोन दिवस तेल पाजावे लागले. उघड्या टेंपोत पाकळ्या एकीत एक रचून आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो. इंदापुराजवळ चहाला थांबलो तर हॉटेलवाला म्हणाला, “टाकी हाय का पाण्याची?” मी सांगितले, तारे बघायचा घुमट आहे. त्याने एकवार पाकळ्यांकडे, एकवार माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि चहात साखर जरा जास्त घातली.

त्याला सांगावेसे वाटले, की बाबा रे, या बाजूला असला खटाटोप करणारा मी काही पहिला नव्हे. टेंभुर्णीच्या वरच्या अंगाला, करमाळे तालुक्यात, जेऊर नावाचे रेल्वेचे स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसायचे होते. त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल समुद्र ओलांडून जेऊरला आले. त्यांच्या सामानात एक कॅमेरा चाळीस फूट लांबीचा होता! खग्रास अवस्था दोन मिनिटांच्या आसपास. तेवढ्या दोन मिनिटांसाठी त्यांनी आपली वेधशाळाच्या वेधशाळा आमच्या माळावर आणून मांडली आणि काम होताच उचलून नेली.

त्याच माळावर पुण्याहूनही एक तळ आला होता. त्याचे प्रमुख प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी वेधशाळा उभारली होती. १८८८ साली ती तयार झाली. डब्लिनच्या ग्रबने घडवलेली तिची वीस इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. नायगमवाला निवृत्त झाले, १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. माणूस निवृत्त झाल्यावर दुर्बिणीचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. माझी आठ इंची कुठे आणि ती वीस इंची कुठे! पण भीमेचा पूल ओलांडताना मला त्या दुर्बिणीची आठवण झाली. तिच्या प्रवासात तिचा धनी बरोबर नव्हता. माझा तरी होता.

टेंभुर्णीला खरी अडचण आकाशाची नव्हती, जमिनीची होती. वाडा आणि त्यामागचे परडे वडिलांच्या पश्चात थोरल्या बंधूंनी राखले. मी चाळीस वर्षे पुण्यात. सातबारावर दोघांचीही नावे असली, तरी खत, पाणी, पालापाचोळा सगळे दादांनीच पाहिलेले. गावाकडे एकत्र जमिनीत पाया खणायचा म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे. गुरे बांधली, गंज रचली, छप्पर घातले तरी चालते. ती उद्या निघतात. सिमेंट ओतले की मात्र तो शब्द होतो.

दादांनी पाकळ्या उतरवताना पाहिल्या. म्हणाले, “हे उचलून नेता येतंय न्हवं?”

“येते. आठ बोल्ट काढले की सुटते.”

“आन् मधला खांब?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. घुमट हलवता येतो, दुर्बीण हलवता येते. ज्याच्यावर ती बसते तो खांब हलवता येत नाही. किंबहुना तो हलू नये हेच त्याचे काम. दोनशे पटीने मोठे करून पाहताना कुणी नुसते पाऊल टाकले तरी तारका थरथरते. म्हणून खांब जमिनीत खोल उतरवतात आणि फरशीला त्याचा स्पर्शही होऊ देत नाहीत. पुण्याच्या गच्चीत हे जमले नव्हते. तिथे खाली कुणी दार आपटले की वर शनी दचकायचा. इथे तर परड्यात काळी माती. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार. मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

दादा तीन दिवस काही बोलले नाहीत. मीही खणायला घेतले नाही. पाकळ्या वाड्याच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि कोंबड्यांना त्यांच्या सावलीची सवय होऊ लागली होती.

चौथ्या दिवशी पहाटे ते हातात पहार घेऊन आले आणि परड्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहिले. “तू तिकडं मधी खुणा केल्यास. तिथनं लिंब आडवा येतोय. हितनं तिकांडं उगवतीपास्नं मावळतीपत्तर दिसतंय.” रात्रीची वीज असते तेव्हा उसाला पाणी द्यायला ते जन्मभर रात्री उठत आले. मृगाचे तिकांडे कुठे आले म्हणजे किती वाजले, सप्तर्षींचे बाजले कधी उलटे होते, हे त्यांना माझ्या नकाशांहून चांगले ठाऊक होते. मी ऐन जवानीत हे सगळे पुस्तकांतून शिकलो. ते त्याच वयात बांधावर उभे होते. पहिली पहार त्यांनीच मारली. साडेपाच फुटांवर मुरूम लागला.

गवंड्याला खांबाभोवतीची इंचभर फट पटेना. “काका, घुशी शिरतील.” त्याची समजूत घालायला दुपार गेली. मग दिशा काढायची होती. मी त्याचाच ओळंबा मागून घेतला. सकाळी सावलीचे टोक खुणावले, त्या लांबीचे वर्तुळ काढले, आणि दुपारून सावली पुन्हा तेवढीच झाली तिथे दुसरी खूण केली. दोहोंच्या बरोबर मधून जाणारी रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. ही आपली शंकूची फार जुनी रीत. तिला घड्याळ लागत नाही, होकायंत्रही नाही. गवंडी म्हणाला, “माझा आजा अशीच खुटी रोवायचा.” त्यानंतर त्याने घुशींचे नाव काढले नाही.

दुर्बिणीचा आस ध्रुवाकडे रोखताना मात्र मौज झाली. पुण्यात तो साडेअठरा अंशांवर बसवलेला होता. टेंभुर्णीला तो अठराच्या जवळ आणावा लागला. अर्ध्या अंशाचा फरक, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीएवढा. चाळीस वर्षे गाव सोडून राहिलो त्याचे आकाशातले माप एवढेच भरले! आणि तेवढेच अंतर दक्षिणेचा अगस्ती वर चढला. हिवाळ्यात तो मध्यावर येतो तेव्हा सुमारे एकोणीस अंशांवर असतो. समोर उत्तरेला ध्रुव अठरा अंशांवर. आमच्या परड्याला जणू दोन्ही बाजूंनी एकाच उंचीचे दिवे लावलेले आहेत.

खरे दिवेही येत आहेत. औद्योगिक वसाहतीचा उजेड पूर्वी नव्हता तिथे दिसतो, आणि महामार्गाच्या अंगाला आकाश पिवळसर झाले आहे. अजून आकाशगंगा दिसते. दहा वर्षांनी दिसेलच असे मी म्हणणार नाही. घुमटाला नवा रंग दिला तेव्हा आतल्या बाजूचे लाल आकडे तसेच ठेवले. वेळ आली तर पाकळ्या सुटतील.

खांबाबद्दल दादांशी पुन्हा बोलणे झाले नाही. दिवाळीत तलाठ्याकडे काही कामासाठी गेलो होतो, तेव्हा त्याने सहज विचारले, परड्यात ते बांधकाम कुणाचे? मी तोंड उघडण्याआधीच दादा म्हणाले, “आमचं हाय.”