दुडकी

शाळेचा जिना मी त्या सोमवारी उलटा उतरले. दोन्ही हातांनी कठडा धरून, तोंड पायऱ्यांकडं, एकेक पाऊल मागं टाकत. वर सातवीची पोरं रांगेत उभी होती. त्यातल्या एकानं काळजीनं विचारलं, “मॅडम, काय पडलंय का तुमचं?”

पडलं काहीच नव्हतं. आदल्या दिवशी, वयाच्या 47व्या वर्षी, मी पळायला सुरुवात केली होती. त्यातही गणिताच्या बाईला शोभेल अशी हुशारी केली होती. अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्यानं वर चालत जायचं आणि उतारावर पळत यायचं, म्हणजे दम कमी लागेल. दम कमी लागला, हे खरं. पण उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार तोलून धरतात, आणि सवय नसेल तर त्याचा हिशोब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागतात, हे ठाऊक नव्हतं. मंगळवारी तर संडासातून उठताना नळाचा आधार घ्यावा लागला. अंग आंबणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

साताऱ्यात राहून न पळणं तसं अवघड आहे. 2012 पासून इथं बहुतेक दर सप्टेंबरात हिल हाफ मॅरेथॉन होते. हजारो माणसं यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं जातात आणि तेच अंतर उतरून परत येतात, 21 किलोमीटर. त्या रविवारी गावातले रस्ते बंद असतात. लेझीम, ढोल, शाळांची पथकं, सगळं असतं. आम्ही गल्लीतल्या बायका संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन कडेला उभ्या राहतो. मी पळायला लागले त्या वर्षी माझ्याच वयाची एक बाई परतीच्या वाटेवर माझ्यासमोर थांबली. मी संत्रं पुढं केलं, तर म्हणाली, “ताई, खोबरेल आहे का घरात?” घामानं आणि कपड्याच्या घासण्यानं तिच्या काखेजवळ सालटं निघालं होतं. मी धावत जाऊन बाटली आणली. तिनं बोटभर तेल लावलं, बाटली परत दिली आणि निघून गेली.

पुढचं सांगायला थोडी लाज वाटते. मला तिचं कौतुक वाटलं नाही, हेवा वाटला. ती माझ्यापेक्षा जाड होती.

म्हणून दसऱ्यानंतरच्या रविवारी तो अजिंक्यतारा. तो अंगाशी आल्यावर मी रीतसर अभ्यासक्रम शोधला. नवशिक्यांसाठीची एक प्रसिद्ध 9 आठवड्यांची योजना आहे, ‘काउच टू फाइव्ह के’ नावाची. जोश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणानं 1996 मध्ये ती केली, तेव्हा डोळ्यासमोर त्याची पन्नाशीतली आई होती. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात 5 मिनिटं चालून अंग गरम करायचं, मग 60 सेकंद पळायचं, 90 सेकंद चालायचं, असं 20 मिनिटं. मी लगेच आकडेमोड केली: आठ वेळा 60 सेकंद, म्हणजे एकूण पळणं फक्त 8 मिनिटं. एवढंच? मला ते सोपा पेपर काढणाऱ्या शिक्षकासारखं वाटलं.

पहिल्या 60 सेकंदांतलं चाळिसावं सेकंद मी अजून विसरले नाही. घशात लोखंडाची चव, उजव्या बरगडीखाली चमक, कानात ठोके. सेकंद हे माप एवढं मोठं असतं हे 22 वर्षं गणित शिकवून कळलं नव्हतं.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त सुभेदार आहेत. सगळे त्यांना सुभेदारकाकाच म्हणतात. पहाटे ते काठी घेऊन फिरायला निघतात. काठी कुत्र्यांसाठी, त्यांना स्वतःला आधाराची गरज नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं.

“नाव काय तुमचं, मॅडम?”

माझं नाव त्यांना पंधरा वर्षांपासून माहीत आहे. मी धापा टाकत अर्धं सांगितलं.

“नाव पुरं सांगता येईना म्हणजे तुम्ही जोरात पळताय. पळायचं न्हाई. दुडकायचं. दुडक्या चालीनं माणूस पंढरपूरला जाईल.”

दुडकी. लहान मूल किंवा रिकामी बैलगाडी जाते तशी, ना धड चालणं, ना धड पळणं. मी दुडकायला लागले आणि श्वास सुटला. अडचण एकच झाली: दुडकणारी बाई फार हळू जाते. फिरायला आलेले आजोबा मला मागं टाकून गेले, तेही गप्पा मारत. मोबाइलमधली बाई दर किलोमीटरला माझा वेग इंग्रजीत जाहीर करायची, 9 मिनिटं 40 सेकंद, आणि दुधाच्या केंद्रासमोरच्या रांगेला तो ऐकू जायचा. मी तिचं तोंड बंद केलं. दूधवाला मात्र राहिला. “मॅडम, आज गाडी बंद पडली काय?” हे त्यानं इतक्या वेळा विचारलं की एखाद्या दिवशी तो दिसला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, “कोण मागं लागलंय तुझ्या?” दुसरा, ओढणीचा. पहिला महिनाभर मी पंजाबी ड्रेस, बूट आणि ओढणी कमरेला गाठ मारून, अशी पळत होते, कारण रस्त्यात पालक भेटतात. शेवटी गाठ सुटून ओढणी सायकलच्या चाकात गेली, सायकलवाला पडता पडता वाचला, आणि सासूबाईंनीच सांगितलं, “टाक ती घरी.”

चौथ्या आठवड्यात दम तयार झाला होता. सलग 5 मिनिटं मी पळत होते आणि शेवटी नाव, गाव, पिनकोड सगळं सांगू शकत होते. मग मी योजनेच्या पुढं गेले. आठवड्यात तीनऐवजी पाच दिवस. का नाही? पोरांना मी हेच सांगते ना, रोज सराव करा.

डाव्या नडगीच्या आतल्या कडेला आधी ठणका. मग सकाळी पलंगावरून पाय टेकताना कळ. मग फळ्यासमोर उभं राहूनही. दुर्लक्ष करून दोन दिवस पळाले आणि तिसऱ्या दिवशी समर्थ मंदिरापासून घरी रिक्षानं आले.

फिजिओथेरपिस्ट माझ्या निम्म्या वयाची. तिनं नडगीवर अंगठा दाबत दाबत खाली नेला. वीतभर लांबीत दुखतंय की एकाच नाण्याएवढ्या जागेवर, हे तिला बघायचं होतं. नाण्याएवढ्या जागेत असतं तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका. माझं वीतभर होतं. मग ती जे म्हणाली ते मी वहीत लिहून ठेवलं आहे: हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत शिकतात, हाडं आणि स्नायूबंध महिने घेतात. नव्या भाराखाली हाड आधी थोडं झिजतं आणि मग जास्त भक्कम बांधलं जातं. मधल्या काळात भार वाढवत राहिलं की ठणका सुरू. घरी येऊन मी गुणाकार केला. पळताना दर पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. वजन 68 किलो. मिनिटाला 160 पावलं. उत्तर लिहिलं आणि खोडलं.

पळणं सहा आठवडे बंद. फक्त पोटऱ्यांचा व्यायाम, ओट्याला धरून टाचा वर, टाचा खाली, कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत. त्या काळात आमच्या घरी वरण फार वेळा गाळ झालं.

खरं सांगायचं तर त्या सहा आठवड्यांत मी सुखी होते. पहाटे पाच दहाचा गजर नाही, आणि कारण डॉक्टरी. संक्रांतीनंतर परत पहिल्या आठवड्यापासून सुरू करायची वेळ आली तेव्हा कळलं की दुखण्यापेक्षा अंथरूण अवघड. पोरांनी गृहपाठ न करण्याची जेवढी कारणं मला आजवर दिली, तेवढी सगळी मी गोधडीत स्वतःला दिली. पाहुणे आले होते. पोटात दुखत होतं. उद्या दोन दिवसांचं एकदम करते. वही घरी राहिली, एवढं एकच देता आलं नाही, तर त्याऐवजी ‘मोजे वाळले नाहीत’ हे सापडलं. उपाय म्हणाल तर कुठलाच फार दिवस टिकला नाही. मोजे उशाशी ठेवले, पळायच्या कपड्यांतच झोपले, मैत्रिणीला ‘मला फोन कर’ सांगितलं. ती माझ्यापेक्षा झोपाळू निघाली. काही पहाटे मी उठले, काही पहाटे नाही, आणि कोणत्या पहाटे का, याचं सूत्र मला मांडता आलेलं नाही.

याच काळात मी शाहू स्टेडियमवर जायला लागले, कारण मातीवर नडगी कमी कुरकुरते. तिथं पहाटे भरतीची पोरं असतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं. काही जण आजूबाजूच्या खेड्यांतून अंधारात मोटारसायकलवर तिघं तिघं बसून येतात. बऱ्याच जणांच्या पायांत साधे कॅनव्हासचे बूट, काहींच्या तेही नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळून दहावी आली. या मुलींच्या बोलण्यात ती ‘ललिताताई’ असते, शेजारच्या घरातली असावी तशी.

त्या घोळक्यातून एक जण माझ्याकडं आली. “मॅडम, ओळखलं का?”

ओळखलं. दहावीच्या पूर्वपरीक्षेत, भूमितीत, 40 पैकी 9. पेपरवर मी लाल शाईत ‘लक्ष दे’ असं लिहिलं होतं. तिच्या तीन वर्षांच्या वह्यांवर मी बहुधा तेवढंच लिहिलं असेल.

“मॅडम, तुम्ही मुठी आवळता,” ती म्हणाली. “आवळू नका. हातात पापड धरलाय असं समजा. तुटला नाही पाहिजे.” आणि ती निघून गेली. पुढच्या फेरीत मला ओलांडताना म्हणाली, “खांदे.” त्याच्या पुढच्या फेरीत, “पाऊल लांब टाकू नका, बारीक टाका.” तिच्या तीन फेऱ्यांत माझी एक होत होती, त्यामुळं शिकवणी भरपूर झाली. मी पूर्ण लक्ष देत होते. तरी मुठी आवळल्या जात होत्या. पापड रोज तुटत होता.

मार्चमध्ये, बोर्डाच्या परीक्षा चालू असताना, पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस आला. ज्यांनी ही योजना केली आहे त्यांना हा दिवस माहीत असतो. त्याच्या आधी 8 मिनिटं पळणं, 5 मिनिटं चालणं, पुन्हा 8 मिनिटं, आणि मग एकदम, मधे न थांबता, 20 मिनिटं. मला वाटलं छापायची चूक आहे. मी दुडकत राहिले. दहाव्या मिनिटाला कंटाळा आला. दमणं सोडून कंटाळा येतोय, हे लक्षात आलं तेव्हा जरा थरारलेच. वीस मिनिटं झाली तेव्हा मैदानावर ओळखीचं कुणी नव्हतं. पेपर तपासायचे होते, म्हणून घरी आले.

जूनपर्यंत 30 मिनिटं झाली. योजनेच्या नावात 5 किलोमीटर आहेत. माझ्या 30 मिनिटांत साडेतीन होतात. मग पाऊस लागला. साताऱ्याच्या पावसात बूट वाळवणं हा वेगळाच धंदा आहे: आत वर्तमानपत्राचे बोळे, तासानं बदलायचे, आणि रात्री फ्रीजच्या मागं. तीन आठवडे गेले नाही. परत गेले तर 20 मिनिटांनाच धाप.

त्या सप्टेंबरातही मी कडेलाच उभी होते, संत्री घेऊन. खोबरेलाची बाटली मात्र आधीच आणून ठेवली होती. ती मागायला कुणी आलं नाही.

ऑक्टोबरात मैदान वाळलं. एका रविवारी तीच मुलगी म्हणाली, “मॅडम, एकदा तुमचं 800 लावू या. दोन फेऱ्या. मी टाइम घेते.” मी नको म्हणत होते, तोवर तिच्या मैत्रिणी जमल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. पहिली फेरी मी वेड्यासारखी पळाले, सुभेदारकाकांची सगळी शिकवण विसरून. दुसऱ्या फेरीत पाय सिमेंटचे झाले. शेवटच्या वळणावर मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं, मग पुन्हा बघितलं. रेषा ओलांडली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले. नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तिनं पेनानं तळहातावर वेळ लिहिली आणि तो हात माझ्यासमोर धरला. 5 मिनिटं 50 सेकंद.

“भरतीला शून्य मार्क, मॅडम.”

पोरी हसल्या. मीही हसले असते, पण श्वास नव्हता. ती वाकून माझ्या बरोबरीनं आली.

“शेवटच्या वळणावर तुम्ही दोनदा घड्याळ बघितलं. दोन्ही वेळा उजवा खांदा वर गेला आणि पाऊल तुटलं. तेवढं एकच. पुढच्या रविवारी घड्याळ माझ्याकडं द्या.”