मूळ रंगातच

२ जून २०२४
अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेटचं एक बाहुलं सव्वापाच लाख डॉलर्सना गेलं. पाठीवरच्या यंत्रातून क्षेपणास्त्र उडवणारा, केनर कंपनीने १९७९ साली तयार केलेला हा नमुना. मुलांच्या जिवाला धोका नको म्हणून तो दुकानात आलाच नाही. म्हणजे ज्याच्याशी एकही मूल खेळलं नाही, त्याला एवढी किंमत!

बातमी वाचून वहिनींचा फोन. “भाऊजी, यांच्या कपाटातल्या गाड्यांचंही काही होईल का?” मित्राला जाऊन वर्ष झालं. कपाट अजून तसंच आहे. “लाखांचं मनात आणू नका वहिनी, पण भंगारवाल्याला हात लावू देऊ नका,” म्हटलं. लिलावाचं काम मी अंगावर घेतलं.

५ जून
वहिनींकडे कपाट उघडलं. वरच्या खणात डिंकी. फ्रँक हॉर्नबीची मेकानो कंपनी, लिव्हरपूलचा बिन्स रोडचा कारखाना. १९३४ पासून ‘डिंकी टॉइज’ हे नाव आणि १९७९ मध्ये कारखान्याला टाळं. त्याच्या खाली कॉर्गी आणि मॅचबॉक्स. मॅचबॉक्सचा जन्म मला नेहमी आवडतो. जॅक ओडेलच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून बापाने तेवढा छोटा रोलर करून दिला. त्यातून १९५३ साली ती मालिका निघाली.

एक युद्धापूर्वीची डिंकी हातात घेतली आणि जीव हळहळला. बॉनेटवर बारीक भेगा, मागचा मडगार्ड फुगलेला. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या. त्यात थोडं ॲल्युमिनियम, तांबं आणि मॅग्नेशियम असतं. ओतकामात शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतून कणाकणाने सुटत जातो. दमट हवेत हे आणखी झपाट्याने होतं, आणि मुंबईची हवा कशी असते ते सांगायला नको. यावर इलाज नाही. गोंद भरायचा नाही, रंग द्यायचा नाही. भेगा दिसतील असे फोटो काढून तसं लिहून विकायचं.

७ जून, शुक्रवार
चोरबाजार. बाकी सगळं सोडून सरळ मटण स्ट्रीट गाठलं. खेळण्यांचे भाव कुठवर गेलेत, ते पाहायचं होतं.

एका फळीवर लालभडक ई-टाइप जॅग्वार. “पीस एकदम ओरिजनल है साब.” उलटी केली. तळपत्र्याच्या कडेने रंग आत घुसलेला, रिबिटांची डोकी ड्रिलने काढून पुन्हा बसवलेली, टायर नवे कोरे, काळेकुळकुळीत. मूळ गाडीत बॉडी रंगून झाल्यावर तळ बसवतात, त्यामुळे रिबिटाच्या डोक्यावर बॉडीचा रंग आला की संशय घ्यायचा. तरीही शंका उरली तर अतिनील दिव्याखाली धरायची. नवा रंग जुन्याहून वेगळा चमकतो.

बोलता बोलता मी वहिनींच्या कपाटातल्या गाड्यांचा विषय काढला, तेव्हा दुकानदाराने प्रेमाने सल्ला दिला, “रंगवून घ्या, डबल भाव येईल.” मी ठाम नाही म्हटलं. कुणा पोराने फरशीवर घासून उडवलेला टवका हा त्या गाडीचा दाखला आहे. तो पुसला की गाडी नवी दिसेल, पण ती कुठून आली ते कुणालाच कळणार नाही. संग्राहक मूळ रंगालाच पैसे मोजतो, आणि मला तेच बरोबर वाटतं.

१५ जून
आज पाऊस, आणि दिवसभर खालच्या खणात रमलो. मित्राचं खरं प्रेम इथे होतं, भारतात बनलेल्या गाड्यांवर.

आयातीवर निर्बंध होते तेव्हाची ही गोष्ट. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही साचे कलकत्त्याच्या एस. कुमार अँड कंपनीकडे आले, आणि त्यातून निघालेल्या गाड्या ‘निकी टॉइज’ या नावाने विकल्या गेल्या. तळ निरखून पाहिला तर ‘डिंकी’ची अक्षरं बुजवलेली दिसतात. साचा इंग्रजी, ओतकाम आपलं, रंग जाड आणि ओघळलेला, खोक्याचा पुठ्ठा हलका. कलकत्त्याच्याच मिल्टन आणि मॅक्सवेलच्या गाड्याही आहेत. मिल्टनच्या काहींवर कॉर्गीची छाप उघड दिसते.

इंग्रजी संग्राहक पूर्वी या मालाकडे नाक मुरडत, आता शोधत येतात. आपल्याकडे मात्र या गाड्यांची नीट यादीसुद्धा झालेली नाही. मध्यमवर्गीय घरात वाढदिवसाला आलेली ही गाडी पुढे धाकट्याकडे गेली, मग मोलकरणीच्या मुलाकडे, मग भंगारात. खोका तर त्याच दिवशी फाटला. म्हणूनच खोक्यासकट निकी हाती लागणं दुर्मीळ. मित्राने प्रत्येक गाडीखाली चिठ्ठी ठेवली आहे: कुठून घेतली, कधी, कितीला, आधी कुणाची होती. या चिठ्ठ्या मी गाड्यांइतक्याच जपून बांधल्या.

२२ जून
लिलाववाल्यांचा माणूस घरी आला. शांत, जाणकार मुलगा. गाडी उचलताना तळाला धरून उचलत होता, हे पाहून बरं वाटलं.

वहिनींनी हिशेब विचारला. त्याने समजावलं: समजा हातोडा दहा हजारांवर पडला आणि खरेदीदाराचा प्रीमियम वीस टक्के असेल, तर घेणारा बारा हजार आणि वर कर भरतो, विकणाऱ्याला मात्र दहा हजारांतून कमिशन वजा होऊन मिळतं. राखीव किमतीच्या खाली बोली राहिली तर वस्तू परत घरी. वहिनी म्हणाल्या, “राखीव कमीच ठेवा. वस्तू जाऊ दे, पण चांगल्या हातात.” निकीच्या गाड्या सुट्या न विकता एकाच लॉटमध्ये, चिठ्ठ्यांसकट द्यायच्या, असा मी आग्रह धरला. सुट्या विकल्या तर पैसे जास्त येतील, असं तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. पण वहिनींनी माझं ऐकलं.

कपाटातली एक चावीची जर्मन पत्र्याची मोटार मात्र बाजूला ठेवली. ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि मग खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. वय पक्कं होईपर्यंत तिला हात नाही.

शेजारचा नातू एका गाडीसाठी हटून बसला होता. दिली नाही. जुन्या रंगात शिसं असतं, लहान मूल गाडी तोंडात घालतं. त्याला उद्या नवी आणून देईन.

१३ जुलै
लिलाव झाला. भेगाळलेली डिंकीसुद्धा विकली गेली, अंदाजाच्या निम्म्याने, पण सगळं सांगून. कॉर्गीची सोनेरी ॲस्टन मार्टिन, १९६५ची जेम्स बाँडवाली, अपेक्षेप्रमाणे चढली. उडणारी सीट आणि सीटवरचा माणूस दोन्ही जागेवर होते. निकीच्या लॉटवर दोघांची चुरस लागली आणि शेवटी पुण्याच्या एका तरुण संग्राहकाने तो घेतला. त्याचा पहिला प्रश्न, “चिठ्ठ्या मिळतील ना?” वहिनींना सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “यांना हेच हवं होतं.”

१५ जुलै
वहिनींकडचं काम संपलं. हे वाचणाऱ्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोळच्या फडताळात निकी, मिल्टन किंवा मॅक्सवेलची गाडी असेल तर एवढं करा. रंगवू नका, ब्रासोने घासू नका, खोका फाटका असला तरी टाकू नका. ओलसर भिंतीपासून दूर ठेवा. आणि घरातलं मोठं माणूस आहे तोवर, ती कुणी, कधी, कुठल्या दुकानातून आणली ते विचारून तारखेसकट लिहून ठेवा. विकायची की नाही, ते मग ठरवा.