काटेरी चाकाची संत

हिंगणघाटहून सेवाग्राम, तिथून मुंबई आणि पुढे कोकण रेल्वे. वणा नदीकाठचा कापसाचा मुलूख मागे टाकून मी करमळीला उतरलो आणि थेट जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल गाठलं. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी विजापूरच्या आदिलशहाकडून गोवं जिंकलं, तो संत कॅथरिनचा सण होता. म्हणून हे चर्च तिच्या नावाचं. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभा राहिला नाही.

आत मुख्य वेदी सोन्याने झळाळते. तिच्यावरच्या सहा मोठ्या फलकांवर कॅथरिनचं आयुष्य कोरलं आहे. अलेक्झांड्रियाची ही विदुषी. परंपरेनुसार तिने सम्राटाच्या पंडितांना वादात हरवलं. तिला मारायला आणलेलं काटेरी चाकच मोडलं, तेव्हा तिचा शिरच्छेद झाला. म्हणून इटलीतल्या चित्रांत चाक दिसलं की ती कॅथरिन. मुकुट तिच्या राजकुळाचा, ग्रंथ विद्येचा, हातातली खजुराची फांदी हौतात्म्याच्या विजयाची. चित्रकार मसोलिनोने १४३० च्या सुमारास रोममध्ये सान क्लेमेंते चर्चच्या भिंतीवर तिची ही कथा रंगवली.

आमच्या हिंगणघाटात जैन घरं पुष्कळ. नागफण्यांवरून पार्श्वनाथ आणि सिंहाच्या लांछनावरून महावीर ओळखायला आम्ही लहानपणीच शिकतो. त्यामुळे खुणेवरून संत ओळखणं मला परकं वाटलं नाही. अक्षर न येणाऱ्या भाविकालाही कथा वाचता यावी, ही इटलीतल्या त्या चित्रकारांची दृष्टी मला फार मोठी वाटते.

राफाएलने मात्र खुणेपलीकडे पाऊल टाकलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं त्याचं चित्र साधारण १५०७ चं, म्हणजे गोवं पडण्याच्या तीनेक वर्षं आधीचं. त्यात कॅथरिन त्याच चाकावर हात टेकून वर आकाशाकडे बघते. छळाचं हत्यार तिचा आधार झालं आहे. इतक्या कमी साधनांत श्रद्धा याहून चांगली रंगवलेली मला माहीत नाही.

से कॅथेड्रलच्या शेजारी असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आहे. तिथे वेदीच्या दोन्ही बाजूंना त्याच्या जीवनाची लाकडी फलकांवरची चित्रं आहेत. त्याची खूण म्हणजे हातापायांवरच्या आणि कुशीतल्या पाच जखमा, आणि कमरेच्या दोरीच्या तीन गाठी: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन.

बहुतेक पर्यटक से कॅथेड्रलच्या वेदीचं सोनं बघून, फोटो काढून पुढे जातात. तुम्ही थांबा. वेदी उंच आहे, म्हणून जवळ छोटी दुर्बीण ठेवा आणि एकेक फलक सावकाश वाचा.