सासवड ते जेजुरी : एका दिवसाची वारी

मुलांनो, आषाढी वारीत चालायचंय? आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे २५० किलोमीटर चालून पंढरपूरला पोचते. एवढी वाट एकदम धरू नका. घरची मोठी माणसं आणि दोन-तीन मित्र मिळून एकच टप्पा घ्या : सासवड ते जेजुरी, सुमारे १६ किलोमीटर. त्याआधीच्या पुणे-सासवड टप्प्यात दिवेघाटाचा चढ आहे. पहिल्या खेपेला तो नको.

तयारी महिनाभर आधी सुरू करा. दर रविवारी चाला. आधी ४ किलोमीटर, मग ८, मग १२. वारीत घालणार तीच चप्पल किंवा बूट तेव्हाही घाला. कोऱ्या बुटांनी पायाला फोड आलेच म्हणून समजा! पिशवीत पाणी, गूळ-शेंगदाणे आणि रेनकोट हवाच. खिशात नाव, पत्ता नि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत मोबाइल लागेलच असं नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्यात जो सर्वांत हळू चालतो, त्याला पुढे ठेवा. तो मागे राहिला, तर एवढ्या गर्दीत चुकायला कितीसा वेळ? कुणाचा पाय दुखला तर त्यानं लगेच सांगायचं आणि बाकीच्यांनी हसायचं नाही. कुणी चुकलंच, तर त्यानं पोलीसमामांना गाठून चिठ्ठी दाखवायची.

वाट हवी तर ढकलू नका, 'माउली' म्हणा. वारीत लहानथोर सगळेच माउली!

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात. तो बघायला धावण्याआधी मोजा : निघालो तेवढे सगळे आहोत ना?