इंजिनवाले तात्या

अवसरी खुर्दला आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. ऐन कांद्याच्या पाण्याला ते बंद पडलं, की वडील मला तात्यांकडे पिटाळत. तात्या आमच्या नात्यातले नव्हते. गावातली इंजिनं दुरुस्त करायचे. आल्या आल्या पान्याला हात लावत नसत. हँडल मारायचे, धुराचा रंग बघायचे, ठोका ऐकायचे. "हवा शिरलीय," म्हणत नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचे. मग मला जवळ बोलवायचे. "ऐक बरं पोरी, ठोका आता सारखा पडतोय का?" नीट ऐकायला मी तिथं शिकले.

पुढे मंचरला इंग्रजी शिकताना 'इंजिन' शब्दाचं मूळ समजलं. लॅटिन 'इन्जेनियम' म्हणजे उपजत बुद्धी, प्रतिभा. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. चौदाव्या शतकात कवी चॉसरनं तो बुद्धी याच अर्थानं वापरलाय. त्याचा अर्थ युक्ती झाला, कावा झाला, वेढ्यात तट फोडायचं यंत्रही झाला. अशी यंत्रं करणारा तो इंजिनिअर. वाफेची यंत्रं आल्यावर शब्द त्यांचाच होऊन बसला. कापसाच्या जिनिंगमधलं 'जिन' हेही त्याचंच उरलेलं शेपूट. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली, आणि अशी इंजिनं आमच्याकडच्या विहिरींवर आली तेव्हा शब्दातली बुद्धी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

मला मात्र तो अर्थ वाचताक्षणी तात्या दिसले. २००९ साली गावात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, इंजिनिअर शब्द घरोघर गेला. तात्यांना तो कुणी लावला नाही. मी लावते, आणि पूर्ण अर्थानं लावते.

फक्त 'उपजत' हे मला पटत नाही. तात्यांनाही पटलं नसतं. मंचरच्या एका गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली त्यांनी कित्येक वर्षं नोझल धुतले, हात पोळून घेतले, तेव्हा कुठे त्यांना ठोका कळू लागला होता. वडील मजुरी देऊ लागले की तात्या म्हणायचे, "उस्तादानं माझ्याकडून शिकवण्याचे पैसे घेतले नव्हते." निम्मी मजुरी ते वडलांच्या हातात परत ठेवत. त्या पैशांतून माझी कॉलेजची फी भरली गेली.