आमची जुनी शेव्हरोलेट

नागझिऱ्याच्या रानाला लागून असलेल्या आमच्या खेड्यांत, घरामागच्या गोठ्यांत, बैलांच्या शेजारीं एक अमेरिकन मालमोटार कित्येक वर्षें उभी होती. कोंबड्यांनीं तिच्या आसनाखालीं अंडीं घालावींत, आईनें हौद्यांत गोवऱ्या रचाव्यात आणि आम्हां मुलांनीं चाक फिरवून मुंबईस जावें, एवढाच तिचा उपयोग उरला होता. पुढें गोठा पाडावयाचा ठरला, तेव्हां भंगारवाला आला व त्यानें तिचें मोल लोखंडाच्या वजनानें केलें. तो व्यवहार मींच ठरविला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. आजोबा त्या दिवशीं कांहीं बोलले नाहींत. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले आणि रात्रीं जेवावयास आले नाहींत. त्यांची स्मृति तेव्हां ढळूं लागली होती. एका नातवाचें नांव ते दुसऱ्यास देत. सकाळीं मीं भंगारवाल्याचा विसार परत केला.

गाडी १९५० सालची शेव्हरोलेट. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस कारखाना काढला होता. १९५४ सालीं तो बंद होईपर्यंत, परदेशाहून पेट्यांतून आलेले भाग तेथें जोडून मोटारी तयार होत. आमची त्यांतलीच. केबिन तेथली, हौदा मात्र गोंदियाच्या सुतारानें सागवानी फळ्यांचा बांधलेला. आजोबांनीं ती एका कंत्राटदाराकडून जुनी घेतली. वैशाखांत तेंदूपानांचे बोरे आणि एरव्हीं धान, असा तिचा संसार. १९७० सालीं नागझिरा अभयारण्य झालें, पुढें आजोबाहि थकले, आणि गाडीस काम उरलें नाहीं.

दुरुस्तीचें काम साकोलीच्या रस्त्यावरील एका वृद्ध मिस्त्रींनीं पत्करलें. त्यांची अट एकच होती: "भाग तुम्ही आणा, मी बसवतो." ही अट किती जड आहे, हें मला पुढें कळलें. वाऱ्यापुढची काच सोपी निघाली. या गाडीस दोन सपाट काचा असतात, आणि सपाट काच नागपुरांत हवी तशी कापून मिळते. पण पाण्याचा पंप? एका शहरांतील दुकानदारानें "हाच तो" म्हणून शपथेवर दिलेला पंप घरीं आणून पाहतों तों त्याचें एकहि भोंक जुळेना. मुंबईचा चोर बाजार पाहिला, दिल्लीच्या काश्मिरी गेटास पत्रें धाडलीं. शेवटीं गोंदियास हावड्याची गाडी धरून कलकत्त्याच्या मल्लिक बाजारांत गेलों. तेथें एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानें माझा फुटका पंप हातांत घेतला, डोळे मिटून चांचपला, आणि माळ्यावरून त्याचा जुळा भाऊ काढून दिला! अमेरिकेंत या गाडीचे पुष्कळ भाग आजहि नवे बनतात. परंतु पाठवणावळ व जकात मिळून वस्तूपेक्षां अधिक होते. शिवाय तिकडील गाड्यांचें चाक डावीकडे, आपलें उजवीकडे; म्हणून सुकाण्याचे भाग तिकडून मागविण्यांत अर्थ नव्हता.

खरी परीक्षा इंजिनाची होती. २१६ घनइंचांच्या या सहा सिलिंडरी इंजिनांत कनेक्टिंग रॉडना आजच्यासारखीं बदलतां येणारीं बेअरिंगें नसतात; रॉडच्या तोंडांतच पांढरा मऊ धातु ओतलेला असतो. रॉडला खालीं पळीसारखें टोक असतें, तें तेलांत बुडून तेल उडवितें. तेल कमी पडलें कीं धातु वितळतो. आमचा दोन ठिकाणीं वितळलेला होता. तो ओतून लेथवर कातणारा कारागीर नागपुरांत मिळाला, त्याला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत मीं निदान दहा वेळां भंगारवाल्याची आठवण काढली.

विजेचेंहि तसेंच. ही गाडी सहा व्होल्टांची. तेवढीच शक्ति हवी तर बारा व्होल्टांच्या दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून तारा जाड हव्यात. पूर्वीं कोणीतरी बारीक तारा घातल्या होत्या, आणि त्यामुळें स्टार्टर कण्हत असे. "बारा व्होल्ट करून टाका," असा सल्ला सर्वांनीं दिला. मीं ऐकला नाहीं. गाडी जशी होती तशीच हवी, एवढाच माझा हट्ट; त्यास दुसरें कारण नव्हतें.

सर्व जुळलें, तो रविवार होता. मिस्त्री लग्नास गेले होते. मला धीर धरवेना. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपींत सहा तारा खोंचावयाच्या होत्या. त्या काढतांना मीं खुणा केल्या नव्हत्या. १, २, ३ अशा सरळ क्रमानें त्या खोंचल्या आणि स्टार्टर दाबला. असा दणका उडाला कीं बैलांनीं दावें तोडलें. पुन्हां दाबला, पुन्हां तोच दणका, आणि कार्ब्युरेटरांतून ज्वाळा! नवा ओतलेला धातु गेला, असें वाटून मी मटकन पायरीवर बसलों.

ओसरीवरून आजोबा काठी टेकीत आले. मला त्यांनीं ओळखलें असेल असें वाटत नाहीं. इंजिनांत डोकावून, पोरास पाढा म्हणून दाखवावा तसे ते म्हणाले, "एक, पांच, तीन, सहा, दोन, चार." मला उमजेना. त्यांनीं काठीच्या टोंकानें टोपीभोंवतीं घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फेर धरून पुन्हां तेंच म्हटलें. तेव्हां डोक्यांत प्रकाश पडला. ठिणगी सिलिंडरांस त्याच क्रमानें मिळावयास हवी; माझ्या क्रमांत सहांपैकीं पहिला आणि तिसरा एवढे दोनच जाग्यावर होते.

तारा बदलल्या. इंजिन दोनदां शिंकलें आणि मग चालूं लागलें. तो आवाज मीं पांच वर्षांचा असतांना शेवटचा ऐकला होता.

संध्याकाळीं आजोबांस शेजारीं बसवून रानाच्या फाटकापर्यंत गाडी नेली. वाट खडबडीत, रिकामा हौदा उडत होता. आजोबांनीं मागें वळून पाहिलें आणि रागावून विचारलें, "बाबू, गाडी रिकामी काऊन चालली?"

उजव्या दाराची मूठ अजून मिळालेली नाहीं. तूर्त तेथें सुतळी बांधली आहे.